उजवीकडचा काठ कुठं गेला?

आमच्या शेजारच्या नरसय्यामामांची नजर काय सांगू तुम्हाला! जन्मभर मागावर चादरी विणलेला माणूस. मी हॉलमध्ये नुसत्या चौकोनांचं एक चित्र फ्रेम करून आणून लावलं, तर बघून म्हणाले, "अर्धवट हाय की हे."

"मामा, मॉडर्न आर्ट आहे."

"असू दे की. डावीकडं निळा काठ हाय, उजवीकडचा कुटं गेला? एवढं नेटकं काम करणारा काठ सोडत नसतो."

मी हसलो खरा, पण चैन पडेना. शेवटी फ्रेमवाल्याकडं नेऊन मागचा पुठ्ठा काढायला लावला. फ्रेम लहान पडली म्हणून पठ्ठ्यानं चित्राची उजवी कड मागं दुमडली होती. उलगडली, तर निळा पट्टा!

फ्रेमवाला ओशाळला. "चित्रकार वळखीचा हाय का तुमच्या?"

म्हटलं, "नाही. त्याच्याच धंद्यातला माणूस शेजारी राहतो."