बेसिनमधली देवघेव

(फिजीतल्या एका बेटावरच्या छोट्या इस्पितळाची प्रयोगशाळा, सकाळची वेळ. लाइसानी नवजात बाळांच्या वॉर्डची मुख्य नर्स. टोमासी तिचा आतेभाऊ, जंतूंची तपासणी करणारा.)

लाइसानी : जंतू वाढवलेली ताटली माझ्यापासून लपवतोस काय? आण इकडे.

टोमासी : लपवत नाही गं. पुन्हा लावून खात्री केली. बघ, औषधाने जंतू मरत असता तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडलं असतं. जंतू टिकलीला खेटून वाढलाय.

लाइसानी : कुणाच्या रक्तातला?

टोमासी : चार नंबर. वासितीची मुलगी.

लाइसानी : तिला दोन दिवस हेच औषध देतेय मी! साधा जंतू आहे म्हणालास. तुझ्या शब्दावर वेगळ्या खोलीतून काढून सगळ्यांच्यात आणली तिला.

टोमासी : म्हणालो. एक नंबरच्या बाळाचा, औषधाला न जुमानणारा जंतू एका जातीचा, हिचा दुसऱ्या. नावं जुळली नाहीत, म्हणून वाटलं, याची लागण तिला झालेली नाही. तिथेच फसलो.

लाइसानी : म्हणजे?

टोमासी : जंतू त्या बाळाकडून हिच्याकडे गेलाच नाही. औषधाला पुरून उरायचं त्याचं जनुक गेलं. एका जंतूने दुसऱ्याला दिलं.

लाइसानी : जात वेगळी, आणि देतो? नात्याचा ना गोत्याचा!

टोमासी : नातं लागत नाही, शेजार पुरतो. तुझा भाऊ ‘केरेकेरे’, आपलं ते मोडता न येणारं मागणं, म्हणत दारात उभा राहिला आणि माझ्या होडीचं इंजिन मागून घेऊन गेला. मला नाही म्हणता आलं?

लाइसानी : त्याची उणीदुणी आत्ता?

टोमासी : हेही तसंच, म्हणून सांगतो. दोघे चिकटतात, मधे नळी जुळते, जनुकाची नक्कल पलीकडे जाते. फक्त देणाऱ्याकडेही ते राहतं. माझं इंजिन गेलं ते गेलंच.

लाइसानी : पण भेटले कुठे? ही दोन बाळं एका खोलीत कधीच नव्हती.

टोमासी : काल वॉर्डातल्या बेसिनच्या जाळीखालचा बुळबुळीत थर खरवडून आणला. दोन्ही जंतू त्यात सापडले. आणि तिथे दुधाचा वास होता, लाइसा.

लाइसानी : दुधाचा.

टोमासी : उरलेलं दूध कुणी ओततं का तिथे?

लाइसानी : मी. मीच सांगितलंय सगळ्यांना. बाळं सोडून मोरीपर्यंत कुणी धावायला नको म्हणून. सलाईनमधलं उरलेलं साखरेचं पाणीसुद्धा.

टोमासी : मग खाऊनपिऊन सुखात वाढले ते.

लाइसानी : आणि सगळ्या बाळांच्या आंघोळीचं भांडं त्याच नळाखाली, त्याच बेसिनमध्ये ठेवून भरते मी. इसा, अरेरे, टोमासी, माझ्या या हातांनी!

टोमासी : रडायचं ते नंतर रड. ही दुसरी टिकली बघ. कुलपातलं औषध. वर्तुळ चांगलं मोठं पडलंय. डॉक्टर किल्ली घेऊन निघालेत.

लाइसानी : ते मूत्रपिंडांना झेपत नाही. दीड किलोचं पोर आहे रे.

टोमासी : ठाऊक आहे. दुसरं काही उरलं नाही.

लाइसानी : वासिती दाराशीच बसलीय. काल माझे हात धरून आभार मानत होती. तिला काय सांगू?

टोमासी : खरं ते.

लाइसानी : आधी तुझी चूक, का माझी?

टोमासी : माझी. मीच सांगतो, चल. नंतर तू हात धू आणि पोरीला घे.

लाइसानी : कुठे धुऊ?