शिंपल्याला चालत नाही

...नाही, मांजर असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. मांजर निदान पायात येतं, दूध सांडतं, शेजाऱ्यांशी भांडण लावून देतं, म्हणजे घरात कोणीतरी आहे असं वाटतं. कुत्रा असता तर त्यानं मला फिरायला तरी नेलं असतं. पण शिंपला? अहो, जिवंत शिंपला! दोन्ही हातांच्या ओंजळीएवढा, आत निळंजांभळं मखमली अंग, आणि दिवसभराचं काम काय, तर दिव्याखाली आ वासून बसायचं. ते तर निवृत्त झाल्यापासून मीही करतो. मला कोणी विचारलं का कधी, की बाबा, आज तुम्ही नीट उघडलात ना?

उद्योग आमच्या लेकीचा. नोकरी लागली आणि हिनं हॉलमध्ये ही मोठी काचेची टाकी आणली. खारं पाणी, प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि मधोमध एका चपट्या दगडावर हे ध्यान. तोवर ठीक होतं, तीच बघायची त्याचं. मग तिला परदेशात नोकरी मिळाली, दोन विमानं बदलून जावं लागतं इतकी लांब. विमानतळावर माझ्या गळ्यात पडली, माझे डोळे भरून आले, म्हटलं आता पोर काहीतरी बोलेल... तर कानात म्हणते, "बाबा, त्याला नळाचं पाणी घालू नका हं."

तिथून सुरू झालं बघा. नळाचं पाणी शिंपल्याला चालत नाही. आपल्याला चालतं, त्याला नाही. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, ते भरायला गाळून गाळून ज्यात काहीच उरलेलं नाही असं पाणी लागतं, त्याचं यंत्र वेगळं. पंखा लावला की पाणी गार होतं, चालत नाही. बंद केला की तापतं, तेही चालत नाही. हॉलमध्ये सुगंधी फवारा मारायचा? छे, छे, चालत नाही. आणि सगळ्यावर कडी म्हणजे सावली! टाकीच्या वर दिवा टांगलाय. तुमची जराशी सावली पडली की साहेब दचकतात आणि फटकन मिटतात. "बाबा, सारखं मिटायला लागलं तर त्याला त्रास होतो. समोरून जाताना वाकून जात जा ना."

वाकून! माझ्या खुर्चीपासून बाथरूमपर्यंतची वाट टाकीसमोरूनच जाते हो. माझे गुडघे आधीच राजीनामा देऊन बसलेत, आणि मी माझ्याच घरात दिवसातून आठ वेळा चोरासारखा ओणवा होऊन चाललोय. एकदा इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे. म्हणाले, "काही हरवलंय का?" म्हटलं, "हो, मान."

बायको त्याला जावईबापू म्हणते. म्हणजे बघा, लेकीचं लग्न नाही, पण जावई घरात! बसल्या जागी सगळं हातात, काय बिनसलंय ते तोंडानं सांगायचं नाही, आणि सासऱ्यानं ताठ मानेनं समोरून जायचं नाही.

रोज संध्याकाळी साडेसातला लेकीचा व्हिडिओ कॉल. पहिलं वाक्य ठरलेलं, "बाबा, फोन त्याच्याकडे धरा." धरायचो. वीस-वीस मिनिटं ती शिंपला बघायची आणि मी फोनच्या पाठीमागे उभा, सिनेमा दाखवणाऱ्यासारखा. पण पाठीमागून का होईना, तिचा आवाज घरात असायचा. शिंपला बघता बघता मध्येच विचारायची, आई, खोकतेयस का गं, बाबा औषध घेतात का. तेवढ्यावर आमची रात्र चांगली जायची, खोटं कशाला बोलू?

आणि एके दिवशी तो अर्धाच उघडला. दुसऱ्या दिवशी पाव. तिसऱ्या दिवशी मूग गिळून गप्प. मी धावत टाकीवाल्याच्या दुकानात. तो उंटावरचा शहाणा हातातलं जाळं खाली न ठेवता विचारतो, "काका, मीठ बघितलं? कॅल्शियम बघितलं?" म्हटलं, "कोणाचं? माझं बघायचं डॉक्टर दोन वर्षं सांगतायत." मग मी नेलेलं टाकीचं पाणी नळीत घेऊन, थेंब थेंब औषध टाकून रंग बदलेपर्यंत त्यानं थेंब मोजले. सगळं ठीक! तेव्हा म्हणतो, "मग कवचाखाली बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी असतील, त्या त्याला शोषतात. मऊ ब्रशनं घासून काढा. पण ओढू नका हं, दगडासकट उचला, नाहीतर पाय तुटेल." घ्या! त्याला पाय पण आहे. जायचंय कुठे देव जाणे.

निघाल्या हो गोगलगायी. बारा दिवस मी सकाळ-संध्याकाळ शिंपल्याला ब्रश केला, बायको भिंग धरून शेजारी. एकदा म्हणाली, "छत्तीस वर्षांत माझ्याकडे इतकं निरखून बघितलं नाहीत." मी म्हटलं, "तुला गोगलगायी कुठे झाल्या?" त्यानंतर दोन दिवस माझा चहा मीच केला.

पण त्या बारा दिवसांत लेक दिवसातून चार-चार वेळा फोन करायची. "बाबा, तुम्ही जेवलात का? गुडघ्याला पट्टा बांधलाय ना? आईला द्या जरा." सांगायला लाज वाटते, पण घर इतकं भरलेलं कित्येक महिन्यांत नव्हतं.

तेराव्या दिवशी तो पूर्ण उघडला. लेक तिकडे रडली, बायको इकडे रडली. आणि मग लेक म्हणाली, "बाबा, जिवात जीव आला. आता रोज तुम्हाला त्रास नाही देत. रविवारी बोलत जाऊ."

त्रास! म्हणजे त्रास कशाला म्हणतात हे यांना कोणी शिकवलंच नाही का?

सोमवारी साडेसातला आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. मंगळवारी बायको म्हणाली, "चार्ज आहे ना हो तो?" होता. बुधवारीही होता. गुरुवारी मी उठलो, न वाकता, ताठ! वर्तमानपत्र घेतलं आणि धरलं दिव्याखाली. फटकन मिटला. दुसऱ्या हातानं लावला फोन. "अगं, मिटलाय गं हा..."

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाबा, त्याच्यावर सावली आहे."

"ढग आला असेल."

"हॉलमध्ये?"

"हवामान फार बिघडलंय गं इकडे."

"बाबा... ढगाला बोटं आहेत."

बायको तोंडावर हात ठेवून भिंतीकडे बघतेय. म्हटलं, आता पडणार ओरडा. तर तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्याही ढगाळच आहे का?"

म्हटलं, "अंदाज तसाच आहे."

"मग उद्या साडेसातला मीच करते. पण ढग एकच मिनिट हं बाबा."

तेव्हापासून आमच्याकडे रोज साडेसातला एक मिनिट ढगाळ हवामान. काल मी वर्तमानपत्राची घडी घेऊन उठतो तर बायको आधीच ताट घेऊन टाकीपाशी उभी. म्हणते, "सरका, आज माझी पाळी."

सरकलो. काय करणार? साडेसातचा फोन चुकलेला... शिंपल्याला चालत नाही.