उत्तमरावांचा अ‍ॅम्प्लिफायर जामखेडला चालला

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, सरपंच मनकर्णाताई, व्यासपीठावरील दूरध्वनी खात्याचे अधिकारी, सत्कारमूर्ती उत्तमराव भिंगारदिवे, सौ. जयमालावहिनी, आणि उन्हातान्हातून आलेल्या तिसगावकर बंधुभगिनींनो,

सुरुवात ताज्या बातमीने करतो. उत्तमरावांनी स्वतःच्या हातांनी बनवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उद्या जामखेडला जातो आहे. तो राधाकृष्णशेठ कापडवाल्यांना कायमचा दिला आहे. जयमालावहिनींनी आज सकाळी याला दुजोरा दिला. मी नगरच्या साप्ताहिकाचा वार्ताहर असल्याने एकाच्या सांगण्यावर बातमी सोडत नाही, म्हणून टेम्पोवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "व्हय, मोठं खोकं हाय म्हनले, गोधड्या घालून न्यायचं." म्हणजे बातमी पक्की.

ही बातमी मला आवडलेली नाही, हे मंडपात कुणापासून लपलेलं नसावं.

उत्तमरावांनी निवृत्तीपर्यंत टेलिफोन केंद्रात काय काम केलं ते साहेबांनी सांगितलं. मी रविवारच्या उत्तमरावांबद्दल बोलतो. नगरच्या जुन्या बाजारातून मोडीतले रेडिओ आणायचे, त्यातले व्हॉल्व्ह काढायचे, पत्र्याची पेटी वाकवायची आणि तारांना कथलाचे डाग देत बसायचं, हा आमचा दोघांचा नाद. लोक टेपरेकॉर्डर विकत घेत होते आणि आम्ही व्हॉल्व्हचे काचेचे दिवे तापायची वाट बघत होतो. नाद एकच, पण माणसं ऐकायला जायची ती उत्तमरावांकडे. माझ्याकडेही यायची, नाही असं नाही. चहा घेऊन, "जरा उत्तमरावांकडं जाऊन येतो," म्हणायची. हे ऐकून कुणाला बरं वाटेल?

मीच एकदा म्हणालो, होऊन जाऊ द्या. उत्तमरावांच्या घरी सतरंजी आडवी बांधली. मागे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरची पेटी एकच, सनईची कॅसेटही एकच. वहिनी मागून तारा बदलणार आणि ऐकणाऱ्यांनी हात वर करायचे. आम्ही दोघेही सतरंजीच्या अलीकडे. पहिल्यांदा वाजलं ते ठीक होतं. दुसऱ्यांदा सनई अशी आली, की वाजवणाऱ्याने दम घेतलेलाही कळला. मी मनात म्हणालो, हाच माझा. सगळ्यांत आधी हात वर केला. सतरंजी सोडली, तर दुसरा उत्तमरावांचा.

उत्तमराव विनयशील आहेत, असं मघाशी एका वक्त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी हा किस्सा बाजारभर सांगितला. भाजीवाल्या लंकाबाईंनी मला आठवडाभर विचारलं, "काय वार्ताहर, आज कुनाला मत?"

माझी बायको मुक्ताबाई तेव्हा तिथेच होती. घरी येताना म्हणाली, "मला तर तुमचा लगीच कळला. गानं सुरू व्हायच्या आदी घुमतोय त्यो." मी विचारलं, मग मला का नाही कळला? ती म्हणाली, "तुमी त्याला कवा ऐकलंय? तुमी निस्तं त्याच्याकडं बघत बसता."

असो. आता उत्तमराव मुलाकडे नगरला निघाले. तिथे दोन खोल्या, पेटी ठेवायला जागा नाही. गावात व्हॉल्व्हचं काम जाणणारा दुसरा कोण? मी अ‍ॅम्प्लिफायर उघडउघड मागितला. त्यांनी विड्याचं पान चुन्यासकट चघळलं आणि विषय पावसावर नेला. आणि दिला कुणाला, तर राधाकृष्णशेठना.

शेठ, तुम्ही समोर आहात, म्हणून तोंडावरच बोलतो. तुम्ही माणूस सज्जन. पण अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा पाहिल्यावर तुम्ही विचारलंत, "यावर फुलदाणी ठेवली तर चालंल का?" ज्या व्हॉल्व्हला बोट लागलं तर फोड येतो, त्यावर फुलदाणी. हाच प्रश्न मी विचारला असता, तर उत्तमरावांनी मला दारात उभं केलं नसतं. तुम्हाला मात्र हसून म्हणाले, "बाजूला ठेवा, शेठ."

मला राहवलं नाही. विचारलंच, त्यांना का आणि मला का नाही?

तेव्हा ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. "गोरक्षराव, शेठ ऐकनार. तुमी उघडनार. माझ्या ट्रान्सफॉर्मरची तार कशी गुंडाळलीय, कागद कुठं घातलाय, हे बघितल्याबिगर तुमाला झोप लागनार न्हाई. म्या बी तरनेपनी मेव्हन्याच्या रेडिओचा असाच सोडवला हुता. थरामागनं थर सुटत गेला, लई मजा आली. मंग परत गुंडाळला, तर बातम्या लागायच्या ऐवजी भोंगा वाजला. मेव्हना अजून बोलत न्हाई."

मंडळी, माझ्या मनात नेमकं तेच होतं. पेचकस निवडूनही झाला होता.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तळाच्या पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूवर त्यांनी लाख ओतली आहे, पूर्वी टपालाच्या थैलीला लावत तशी. म्हणाले, "शेठसाटी न्हाई. तुमी जामखेडला जाल, तवासाटी."

मग मी वहिनींकडे दाद मागितली. म्हटलं, आतला कंडेन्सर कधीतरी फुगून निकामी होणारच. तेव्हा लाख कोण फोडणार? शेठ की फुलदाणी? वहिनींनी निकाल दिला, "कंडेन्सर गेला तर भाऊजींनीच फोडायची. पन मुक्ताबाई लक्ष ठेवायला शेजारी बसतील." उत्तमरावांनी मान डोलावली. एवढंच काय ते माझ्या पदरात पडलं.

उत्तमराव, वहिनी, नगरला सुखात राहा. संयोजकांनी अशा मत्सरी माणसाला माईक दिला, त्यांचे आभार मानतो. शेठ, ताई, साहेब, निरोपाच्या दिवशी निरोपापेक्षा गाऱ्हाणंच जास्त झालं असेल, तर ते पोटात घाला.

टेम्पो उद्या सकाळी निघेल. जामखेडला विजेचा दाब फार वर-खाली होतो, असं ऐकतो. तसं असेल तर या उन्हाळ्यातच कंडेन्सर गेल्याचा शेठचा निरोप येईल. मुक्ताबाईला मी तयार राहायला सांगितलं आहे.