पडद्यावरचं शून्य

नणंद: हे बघ, वहिनी. पडद्यावर दोन्ही रेघा बरोबर मधोमध छेदतायत. फरक शून्य. आता याची फ्रेम करून भिंतीवर लावायची की कागदावर सही करायची, ते तू ठरव.

भावजय: सुंदर आलंय. इतकं सुंदर की मला भीती वाटतेय.

नणंद: तीन आठवडे सर्किट लंगडत होतं तेव्हा भीती, आता सरळ चालतंय तरी भीती. तुझ्या भीतीला सुट्टीबिट्टी असते की नाही?

भावजय: ताई, सही करण्याआधी एकदा चिपपासून पडद्यापर्यंतच्या दोन केबलींची अदलाबदल करून बघूया. प्लसची मायनसला, मायनसची प्लसला.

नणंद: साडेतीन वाजलेत. चारला चिपचा नकाशा कारखान्यात जायचाय. चुकला की पुढची पाळी तीन महिन्यांनी. आणि साहेब काल काय म्हणाले ते आठवतंय ना?

भावजय: हे सर्किट आज गेलं नाही, तर माझं काम दुसऱ्याला. फार गोड बोलले हो. म्हणाले, "घरीही तुमची गरज असेलच."

नणंद: आणि तरी तुला केबलशी खेळायचंय.

भावजय: चुकीचा नकाशा गेला तर चिपही चुकीचीच येईल. म्हणजे मी घरीच बसणार, फक्त तीन महिने उशिरा. सुटणार तर नाहीच.

नणंद: सहा वर्षं घरी होतीस, विसरली असशील म्हणून सांगते. दोन वायरी. एक चढते तेव्हा दुसरी उतरते, आणि मधल्या उंचीवर दोघींनी एकाच क्षणी एकमेकींना ओलांडायचं. तुझी मायनस चाळीस पिकोसेकंद उशिरा यायची. म्हणून तू नमुन्याच्या चिपमध्ये प्लसलाही तेवढाच उशीर लावलास, पाच-पाच पिकोसेकंदांच्या आठ पायऱ्यांचा. आता दोघी बरोबर येतात. यात केबल आली कुठून?

भावजय: किती छान समजावता. हे सर्किट मीच काढलंय, हे ऐकताना विसरूनच गेले. सेकंदाचे लाख कोटी तुकडे करायचे, त्यातले चाळीस, आणि एवढ्यावरून लंगडं म्हणायचं. मुलीला शाळेतून आणायला पाच मिनिटं उशीर झाला, तर मात्र घरात सगळे म्हणतात चालतंय.

नणंद: नाचता येईना, अंगण वाकडं.

भावजय: हे रविवारी जेवतानाही म्हणालात. सासूबाईंना इतकं आवडलं की त्यांनी फोन करून मावशींना सांगितलं.

नणंद: गंमत केली गं. दादाही हसला की.

भावजय: हसले ना. बघितलं मी. त्यांच्या हसण्याला एका पिकोसेकंदाचाही उशीर झाला नव्हता.

नणंद: बरं, ऐक. मायनसची केबल नवी आहे. जुनीचं टोक तुटलं म्हणून मी स्वतः कापली, स्वतः टोकं बसवली. अदलाबदल करून पाहिल्याची नोंदवहीत खूण आहे, खाली माझी सही आहे. आणखी काय पाहिजे?

भावजय: ती खूण पाहूनच तीन आठवडे गप्प बसले. पण तिच्यासमोर आकडे नाहीत, ताई. आधीच्या प्रत्येक खुणेसमोर दोन आकडे आहेत, अदलाबदलीच्या आधीचा आणि नंतरचा.

नणंद: त्या दिवशी घाई होती.

भावजय: पाना द्या.

नणंद: मीच लावते. तुझ्या हातून टोक पिळवटलं तर तेही माझ्याच नावावर येईल.

(केबलची अदलाबदल होते. पडद्यावर दोन्ही रेघा पुन्हा उमटतात.)

भावजय: ऐंशी.

नणंद: टोक नीट बसलं नसेल. थांब. हं, बसवलं परत.

भावजय: ऐंशीच आहे.

नणंद: दिसतंय मला. आंधळी नाहीये मी.

भावजय: चिप तीच, पायऱ्या त्याच. केबल इकडची तिकडे केली आणि शून्याचे ऐंशी झाले. आता माझ्या आठही पायऱ्या काढते. किती आले?

नणंद: चाळीस. पण आता प्लस उशिरा येतेय.

भावजय: म्हणजे उशीर केबलबरोबर फिरतोय. ज्या वायरीला ही केबल लावाल ती लंगडी. पट्टी आहे का?

नणंद: पिकोसेकंद पट्टीने मोजणार तू?

भावजय: केबल जेवढी लांब, तेवढा जास्त वेळ. दोन्ही काढा आणि शेजारी शेजारी धरा.

नणंद: नवी मोठी आहे. आठ मिलिमीटर.

भावजय: करंगळीच्या नखाएवढी. चाळीस पिकोसेकंदांना तेवढी जागा पुरते. अंगण मोजलं, ताई. खरंच वाकडं निघालं.

नणंद: बोल बाई. आज तुझा दिवस आहे.

भावजय: दिवस कसला, वीस मिनिटं आहेत. पायऱ्या लावण्याआधीचा मूळ नकाशाच बरोबर होता. तो पाठवायचा.

नणंद: तो अजून आहे? टाकून दे म्हणून सांगितलं होतं ना मी?

भावजय: तुम्ही सांगितलंत, म्हणून तर ठेवला.

नणंद: वहिनी, खरं सांग. कागदावर तुला काय उत्तर येत होतं?

भावजय: शून्य. तीन वेळा गणित केलं, तिन्ही वेळा शून्य. आणि तुमच्या पडद्यावर चाळीस. मला वाटलं, सहा वर्षं घरी बसलेल्या बाईचंच चुकलं असणार.

नणंद: मलाही तेच वाटलं. म्हणून केबल तपासली नाही. घाई नव्हती त्या दिवशी.

भावजय: लागलं हं हे. पण बरं झालं सांगितलंत.

नणंद: दे तो चूक नोंदवायचा फॉर्म. चुकीचं कारण, केबल. आणि जबाबदार व्यक्ती...

भावजय: तिथे तीन आठवडे माझं नाव आहे. अक्षर तुमचंच आहे, छान वळणदार.

नणंद: खोडलं. माझं लिहिलं, वळण बिघडलंय जरा. कर सही, चारला पाच कमी आहेत.

भावजय: केली. गेला नकाशा. पोचल्याची पावतीही आली.

नणंद: साहेबांना मी जाऊन सांगते, तू येऊ नकोस. आणि रविवारी जेवताना घरीही सांगेन. आईसमोर, दादासमोर. अंगण मीच वाकडं केलं होतं म्हणून.

भावजय: मावशींना फोन सासूबाईच करतील ना?

नणंद: मी करायला लावीन. बस? दादाला वाईट वाटेल गं.

भावजय: वाटू दे की. किती उशिराने वाटतं, तेवढं मी मोजते.