म्हाळसाबाईंची शाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लेंडीखत कंपनीचे चेअरमन माननीय चांगदेवअण्णा, पुण्याहून आलेले नवे भागीदार माननीय सुदर्शन साहेब, सत्कारमूर्ती म्हाळसाबाई, आणि राजुरी-आळ्याहून जमलेल्या बंधू-भगिनींनो,

म्हाळसाबाईंना शाल पांघरवून चार शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. आभारी आहे.

साहेबांनी आत्ताच पडद्यावर टीम कशी बांधावी ते दाखवलं. चित्रं सुंदर होती. पण साहेब, ही कंपनी निघाली तेव्हा भागीदार तिघंच. अण्णा, मी उज्ज्वला, आणि या म्हाळसाबाई. आमच्याकडे नुसती शेड होती. खत होतं मेंढपाळांच्या तळावर. ते आम्हाला कोण देणार होतं? बाई तळातळावर हिंडल्या, "माज्या शब्दावर द्या" म्हणाल्या, तेव्हा गाड्या आल्या.

पहिल्याच मोसमात त्यांच्या सख्ख्या भावाचा, ज्योतिबांचा टेम्पो आला. खत ओलं, निम्मी माती. अण्णा म्हणाले, घरचा माणूस आहे, घ्या. बाई टेम्पोला आडव्या गेल्या. "भाऊ माजा हाय, गिऱ्हाइकाचा न्हाई. माघारी ने." भाऊ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. भागीदारी म्हणतात ती हीच ना, अण्णा? मग आत्ता साहेबांच्या पडद्यावर त्यांच्या जागी तुमच्या पुतण्याचं नाव दिसलं, ते कोणत्या बैठकीत ठरलं? मीही भागीदार आहे, मला कसं कळलं नाही?

दारात फ्लेक्स पाहिला. 'निरोप समारंभ'! तिथंच बाईंना विचारलं, तुम्ही कंपनी सोडताय? त्या म्हणाल्या, "कोन म्हनलं? मला तर सत्काराला या म्हनले." नवं लुगडं नेसून आल्यात हो त्या! लाज कशी वाटत नाही आपल्याला?

शाल सुरेख आहे. पण ती खांद्यावर पडली की टाळ्या होणार, फोटो निघणार आणि बाई कंपनीबाहेर. म्हणून ती मी त्यांना पांघरवणार नाही. घडी करून इथं टेबलावर ठेवते. बाई, उद्याच्या बैठकीला या आणि आपल्या खुर्चीवर बसा. ती खुर्ची पुतण्यालाच द्यायची असेल, तर अण्णा, याच शालीत मलाही निरोप द्या. फ्लेक्सवर अजून एका नावापुरती जागा आहे.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. चहा माझ्यामुळे निवला असेल, रागाच्या भरात काही अधिकउणं निघालं असेल, त्याबद्दल अण्णांनी मला क्षमा करावी. बाईंची क्षमा मात्र अण्णांनी मागायची आहे, इथंच, सगळ्यांसमोर. मी खाली बसते. माइक चालू ठेवलाय.