बुरुजावरचा दिवा

वॉर्ड ऑफिसच्या रांगेत माझ्यापुढे खाडीकाठच्या गावातल्या एक बाई होत्या आणि त्यांच्यापुढे नव्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते बाईंकडे वळले.

“मावशी, तुमचा कसला अर्ज?”

“बुरुजावरचा दिवा रात्री बंद करा, त्याचा.”

“अहो, आमच्या सोसायटीनेच पाठपुरावा करून लावलाय तो! हेरिटेज आहे. खालचा बोर्ड मी लिहिलाय. वाचलात?”

“वाचला ना. पोर्तुगीजांचा दीपस्तंभ. माझा सासरा चाळीस वर्सं तिथं कंदील लावायचा. तो पोर्तुगीज होता, हे तुमच्या बोर्डानं कळला.”

“तसं नाही हो. बोर्डावर थोडक्यात लिहावं लागतं.”

“मंग बरोबर हाय. आमी थोडक्यात बसलो नसू.”

“पण लाइटला सात रंग आहेत! लोक लांबून सेल्फी काढायला येतात.”

“येऊ दे की. होड्या यायच्या तवा कोन फोटो काढत नव्हता.”

“मग बंद कशाला करायचा? रात्रभर तुमच्या गावालाही उजेड.”

“तोच तर घोळ हाय. शेवटची होडी लागली का सासरा कंदील विझवायचा. जळत असला, म्हंजे कोनतरी अजून पान्यात हाय. तवर बाया झोपायच्या नाय.”

“आता कुठे होड्या, मावशी?”

“नायच. पन माझी सासू नव्वदीची हाय. तुमचा दिवा लागल्यापासून रातभर उंबऱ्यावर बसते.”

“मग तिला समजवा ना, कोणी यायचं राहिलं नाही म्हणून.”

“समजावला. ती म्हनते, येवढी शिकलेली मानसं उगाच दिवा जाळतील काय?”