चार भाकरी, पाच माणसं

सुमनबाई: येणार नाही म्हणजे? आता कुठं विजयाला भागाकार समजून राहिला, जयवंताबाई.

जयवंता: तिचे बाबा नाई म्हंतेत. त्या बाईकडे पोट्टे हासतेतच जास्त म्हंतेत. गनिताच्या शिकवनीत हासू कायचं येते?

सुमनबाई: बसा आधी. मलाही बसू द्या. सौसरच्या शाळेत शिकवून आत्ता आली, मोटारीत पूर्ण रस्ता उभी होती. अहो, गणित म्हटलं की पोरगी पोट दुखते म्हणून दडून बसत होती. आता हासते, तर तेही चालत नाही?

जयवंता: मास्तरले पाहून पोरगी कापली पाहिजे म्हंतेत.

सुमनबाई: शाळेत कापतच होती ना! म्हणून तर पाचवीत नापास झाली. यंदा पुन्हा पाचवीच्या बोर्डाची परीक्षा. पुन्हा राहिली तर?

जयवंता: तं कापूस येचाले जाईन. सांगून ठेवलं हाय त्याईनं.

सुमनबाई: मी थकली हो. घरोघरी हेच सांगून राहिली. कधी वाटते, बंदच करावी ही शिकवणी. पण हासण्यावरून कोणी पोरीला काढत नाही. खरं काय झालं?

जयवंता: भाकरीवरून झालं.

सुमनबाई: कोणत्या भाकरीवरून?

जयवंता: तुमी नाई का शिकवलं, भाकर मोडून सारखे वाटे कराले? काल पीठ कमी होतं. चार भाकरी झाल्या, आमी मानसं पाच: आमी दोघं, बुढी, विजी अन् तिचा भाऊ. मी पानी आनाले उठली, तं इकडे विजीनं सुरी घेतली. एकेका भाकरीचे पाच तुकडे केले अन् सगळ्याइच्या ताटात चार-चार ठेवले.

सुमनबाई: बरोबर आहे की. चुकली कुठं?

जयवंता: माह्या ताटातबी चार ठेवले ना, बाई.

सुमनबाई: मग?

जयवंता: मी कायले सगळ्याइसंग बसते? उरलंसुरलं खाते मी. काल पुरा वाटा समोर आला. त्याईचं डोस्कं फिरलं. तुह्यातले दोन पोराले दे म्हने. मी हात लावला, तं विजी म्हंते, "माय, तुह्यातले काढले तं उत्तर चुकते."

सुमनबाई: अन् तुम्ही?

जयवंता: खाल्ले. चारही. मान खाली घालून.

सुमनबाई: मी नुसता भागाकार शिकवला होता, जयवंताबाई. दुसरं काही मनात नव्हतं.

जयवंता: मले कुठं समजते भागाकार... बाई, आठवड्यातून दोन-तीन दिवस ते संत्र्याच्या ट्रकवर नागपूरले असतेत. तवा धाडली तं चालीन?

सुमनबाई: चालेल. पण सासूबाई सांगतील ना त्यांना?

जयवंता: बुढी काई सांगत नाई. काल तिलेबी पयल्यांदा तिच्या पोराएवढंच आलं.

सुमनबाई: धाडा मग. परीक्षेपर्यंत जमवू कसंतरी. पण हासू नको, असं मी नाही सांगणार तिला.

जयवंता: नका सांगू. हासू द्या. दार तेवढं लोटून घेत जा.